महाग हेडफोनचे पैसे नेमके कशाचे?

नाशिकच्या एम. जी. रोडवर हेडफोन घ्यायला गेलात की पहिला प्रश्न बजेटचा येतो. खरं तर तो शेवटी यायला हवा. ध्वनिसंशोधक येरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. खर्जापासून तारसप्तकापर्यंत कुठे किती आवाज निघतो आणि किंमत किती, यांचा काही मेळ बसला नाही.

आवाज बिघडतो तो बहुतेकदा कानापाशी. बंद कपांच्या हेडफोनमध्ये कुशन आणि त्वचेत फट राहिली की आधी खर्ज जातो. त्याची कंपनं संथ असतात, त्यामुळे कपात हवेचा दाब तयार होण्याआधीच फटीतून निसटतो. चष्म्याची काडीही त्याला पुरते. दुकानात नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावा. ताशाची तर्री कडक, पण ढोल पोकळ लागतोय? दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. ढोल एकदम भरला, तर फट आहे. असा हेडफोन कितीही नावाजलेला असो, तुमच्या डोक्याला तो बसत नाही. दोन हेडफोन ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबल मोठा वाजणाराही सरस वाटतो.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांनी नॉइज कॅन्सलिंगला पैसे जरूर मोजावेत. गाडीची सलग घरघर त्याने छान दबते. शेजारच्यांच्या गप्पा मात्र बऱ्याच ऐकू येतात. उघड्या पाठीचे हेडफोन शांत खोलीसाठीच घ्या, बाहेरचा गोंगाट ते अडवत नाहीत.

सेनहायझर एचडी ६०० हा असाच, १९९७ पासूनचा. विजेला रोध ३०० ओहम, म्हणून त्याला व्होल्टेज जास्त लागतं; एक व्होल्ट दिला की ९७ डेसिबल आवाज. कमी व्होल्टेजच्या फोनवर शास्त्रीय गायनाची हळू आवाजातली रेकॉर्डिंग त्यावर दबकी वाटतात. दोन व्होल्ट देणारा छोटा डॅक (फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनसाठी विद्युतलहरींत बदलणारं उपकरण) जोडला की एक व्होल्टच्या तुलनेत सहा डेसिबल वाढतात. या हेडफोनची कुशन आणि केबल सुटी मिळते, घरी बदलता येते. जास्तीचे पैसे आमच्या मते अशा टिकाऊपणासाठी, हलक्या वजनासाठी आणि डाव्या-उजव्या कानांच्या नेमक्या जुळणीसाठी द्यावेत.

खर्ज थोडा कमी वाटला, तर नवा हेडफोन घेण्याआधी इक्वलायझर वापरून बघा. खर्ज पाच डेसिबल वाढवलात, तर प्रीअँपही (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) पाच डेसिबल खाली आणा. नाहीतर ढोलाच्या ठोक्यावर आवाज फाटेल.