गिळलं, पण मारता आलं नाही

‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ असं आपण म्हणतो, जणू ती टाकीतल्या पाण्याची पातळीच. उतरली की वरून ओतायची. ‘इम्युनिटी बूस्टर’चा धंदा याच समजावर चालतो. जन्मजात प्रतिकारदोषांत मात्र जनुकातल्या बिघाडामुळे यंत्रणेचा नेमका एक भाग निकामी असतो. असे चारशेहून अधिक दोष माहीत आहेत.

त्यातला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे सीजीडी, पाहा. न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, अँटिबॉडीही पुरेशा. पेशी वेळेवर पोचते, जिवाणू गिळते आणि तिथेच अडकते.

गिळलेल्या जिवाणूभोवती पटलाची पिशवी तयार होते. तिच्या भिंतीत दोन प्रथिनं आधीच रोवलेली असतात. बाकीची पेशीद्रवात सुटी. इशारा मिळताच सुटी येऊन चिकटतात आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) चालू होतं. ते इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडच्या ऑक्सिजनवर ढकलतं. (मागोमाग प्रोटॉन गेले नाहीत, तर साचलेल्या विद्युतभारानेच विकर बंद पडेल.) त्यातून सुपरऑक्साइड, मग हायड्रोजन पेरॉक्साइड; पुढे मायलोपेरॉक्सिडेज हे दुसरं विकर त्यापासून क्लोराइडच्या साथीने हायपोक्लोरस आम्ल करतं. ब्लीचमधलं मारक रसायन तेच!

सीजीडीत पहिलाच टप्पा होत नाही. बहुतेकदा दोष एक्स गुणसूत्रावरच्या सीवायबीबी जनुकात असतो, म्हणून रुग्णांत मुलगे जास्त. यकृतात स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचं गळू, मानेच्या गाठीत पू, फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी. पेशींचे गोळे (ग्रॅन्युलोमा) साचतात, कधी जठरातून पुढे जायची वाटच बंद करतात.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या (अँटिबॉडींच्या) चाचण्यांत हे सापडत नाही. डीएचआर चाचणी लागते: न्यूट्रोफिलमध्ये डीएचआर हा रंग भरून त्या चेतवायच्या आणि तो हिरवा चमकतो का, ते फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी प्रकाशात तपासणाऱ्या यंत्रावर) पाहायचं. आई एक्स गुणसूत्रावरच्या दोषाची वाहक असेल तर तिच्या पेशींचे दोन गट दिसतात, चमकणारा आणि न चमकणारा. नमुना शिळा झाला की निरोगी पेशीही चमकत नाहीत. म्हणून सोबत निरोगी व्यक्तीचं, त्याच वेळी काढलेलं रक्त पाठवतात. मायलोपेरॉक्सिडेजची कमतरताही अहवाल फसवते: सीजीडी नसतानाही चमक कमी दिसते.

रोज को-ट्रायमॉक्साझोल (जिवाणूंविरुद्ध) आणि इट्राकोनाझोल (बुरशीविरुद्ध) घेऊन संसर्ग बरेच टळतात. दोष मुळातून जातो तो अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने. बीसीजी ही क्षयाची लस द्यायची नाही, कारण त्यातला जिवंत जंतू या पेशींना आवरत नाही. गोवर वगैरे विषाणूंच्या लसी मात्र चालतात, तेव्हा सरसकट लसी थांबवू नयेत. कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट उपसणं वर्ज्य: एकाच वेळी ढीगभर बुरशीबीजं श्वासात गेली, तर काही दिवसांत जीवघेणा न्यूमोनिया होतो.