सी किंगच्या कुशीला लटकलेलं रडार : पार्श्वभूमी

पाणबुड्या हुडकणाऱ्या ब्रिटिश सी किंग हेलिकॉप्टरच्या पाठीवर रडार आधीपासून होतंच. 1982 साली, अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड बेटांच्या लढाईत, गरज वेगळी होती. लाटांना घासून येणारं विमान जहाजाच्या रडारला जेमतेम 40 किलोमीटरवर दिसतं. पुढे पृथ्वीची वक्रता आड येते. रडार 3,000 मीटर उंच नेलं, तर टप्पा 200 किलोमीटरपलीकडे जातो. 4 मे रोजी 'शेफिल्ड' या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि 20 जण गेले, तेव्हा ब्रिटिश ताफ्यावर असा उडता डोळा नव्हता.

नंतरची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. निमरॉड विमानातलं सर्चवॉटर रडार घेतलं आणि 11 आठवड्यांत दोन सी किंग तयार झाली. पण वेळ आली कशामुळे? टेहळणी करणारी गॅनेट विमानं मोठ्या विमानवाहू नौकेबरोबर 1978 मध्येच निवृत्त केली होती. यापुढे ताफा उत्तर अटलांटिकमध्ये, किनाऱ्यावरच्या विमानांच्या छत्राखालीच लढेल, हे गृहीत होतं. त्या निर्णयाचा बचाव करणारे आजही तिजोरीकडे बोट दाखवतात. तिजोरी रिकामी होती हे खरं, पण फॉकलंड त्या छत्राबाहेर होतं, हे कळायला नकाशा पुरेसा होता.

चाचणीचा पेच यंत्रात कमी, वाऱ्यात जास्त. रडारभोवतीचा, हवा भरून फुगवलेला कापडी घुमट उजव्या कुशीला, बाहेर काढलेल्या दांड्यावर. उतरताना तो मागे वळवायचा, हवेत खाली सोडायचा, म्हणजे चाकांखालून चौफेर दिसतं. अशा रचनेत वजन एकाच अंगाला जातं, हवेचा अडथळाही त्याच बाजूला. मग वेगाची मर्यादा, थरथर, घुमट फिरताना नाक सरळ ठेवायला वैमानिकाला द्यावा लागणारा पेडल, आणि तो मध्येच अडकला तर उतरायचं कसं, हे टप्प्याटप्प्याने तपासावंच लागतं. पहिलं उड्डाण जुलैमध्ये झालं. लढाई 14 जूनलाच संपली होती.

रशियन कामोव्ह-31 हेलिकॉप्टरने वेगळा मार्ग काढला. 6 मीटरचा सपाट अँटेना पोटाखाली उलगडून फिरतो आणि आड येऊ नयेत म्हणून चाकं वर घेतली जातात. 2003 पासून ती गोव्यात दाबोळीवर भारतीय नौदलात आहेत.

रडारवाली शेवटची सी किंग 2018 मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या मर्लिन हेलिकॉप्टरवरची नवी रडार यंत्रणा ब्रिटिश ताफ्याच्या 2021च्या मोहिमेवर अर्ध्या तयारीनिशी गेली. ती प्राथमिक सेवेयोग्य ठरायला 2023 उजाडलं.