चार दिवसांचं वर्ष : ५१ पेगासीच्या ग्रहामागची हकिगत

दिवाळीच्या सुमारास रात्री साडेआठला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही गच्चीवर उभं राहून मान वर केली, की भाद्रपदांचा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचे पश्चिमेकडचे दोन तारे म्हणजे पंचांगातली पूर्वाभाद्रपदा. त्या दोघांच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला सरकून ५१ पेगासी आहे. शहराच्या झगमगाटात तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. शहराबाहेर अंधारात दुर्बिणीतून सहज दिसतो. पन्नासेक प्रकाशवर्षांवरचा हा तारा आपल्या सूर्याच्याच जातकुळीतला. अशा ताऱ्याभोवती ग्रह फिरतो याचा पहिला पक्का पुरावा १९९५ साली इथेच मिळाला.

दावे त्याआधीही झाले होते. त्यांतला एक तर आपल्या देशातूनच: मद्रास वेधशाळेच्या कॅप्टन जेकब यांनी १८५५ मध्ये ७० ऑफियुची या जोडताऱ्याच्या कक्षेतल्या गडबडीमागे ग्रह असावा, असं मांडलं. तो दावा टिकला नाही. १९९२ मध्ये ग्रह सापडले ते खरे निघाले, पण ते एका पल्सारभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या अवशेषाभोवती.

मला यात सगळ्यांत नवल वाटतं ते खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांच्या छोट्याशा टिपणाचं. गुरूएवढा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून का फिरू नये, असं त्यांनी १९५२ मध्येच विचारलं होतं. तसा असेल तर त्याच्या ओढीने तारा मागेपुढे डुलेल आणि ते त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशात, पकडता येईल, हेही सांगितलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आपला गुरू एकेका राशीत वर्षभर मुक्काम ठोकून बारा वर्षांनी फेरी पुरी करतो. तेव्हा दुसरीकडचे गुरूही तसेच संथ असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलेलं.

जिनिव्हाचे खगोलशास्त्रज्ञ मिशेल मायोर आणि त्यांचा विद्यार्थी दिदिए केलोझ फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत एलोडी नावाचा वर्णपटमापक वापरत होते. ५१ पेगासी सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने मागेपुढे होत होता, तेही दर ४.२ दिवसांनी. म्हणजे त्याला ओढणाऱ्या ग्रहाचं वर्षच तेवढं. केलोझला आधी यंत्राचाच संशय आला. मधले काही महिने तारा सूर्याच्या उजेडात गडप. जुलैमध्ये तो पुन्हा दिसू लागला तेव्हा गणिताने सांगितलेल्या वेळी नेमका तसाच डुलला. ऑक्टोबरात फ्लॉरेन्सच्या परिषदेत घोषणा झाली. मार्सी आणि बटलर या अमेरिकन जोडीने काही दिवसांतच ती पडताळली. मग त्यांनी आपली जुनी मापनं उपसली, तर जानेवारी १९९६ पर्यंत त्यातूनच आणखी दोन ग्रह निघाले! मायोर-केलोझ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

या ग्रहाचं गुरूच्या निम्म्याहून किंचित कमी वस्तुमान, हजार अंशांच्या घरातलं तापमान. इतक्या जवळ असा ग्रह घडणं अवघड. दूर घडून तो आत सरकला असावा, हे मत त्यानंतर रूढ झालं.

ताऱ्याचं डुलणं मोजायच्या याच पद्धतीने अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ वर्णपटमापक काम करतो. निर्वात कप्प्यात, स्थिर तापमानात ठेवलेल्या या यंत्राने २०२१ मध्ये टीओआय-१७८९ या ताऱ्याभोवतीचा गुरूहून फुगलेला ग्रह हुडकला. त्याचं वर्ष ३.२ दिवसांचं आहे.