गोलकीपरच्या पॅडचं माप गुडघ्यात असतं

मुलांचे कपडे, बूट आपण वाढत्या अंगाचे घेतो. आइस हॉकीत गोल राखणाऱ्या मुलाला पॅड घेताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. कॅनडा-अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी पालकांनी तर हे नीट समजून घ्यावं, कारण हे पॅड महाग असतात आणि चुकीच्या मापाचा ताण थेट मुलाच्या गुडघ्यावर येतो.

या पॅडचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. 1896 मध्ये आइस हॉकीतल्या मानाच्या स्टॅन्ली कपच्या सामन्यात विनिपेगचा गोलकीपर जॉर्ज मेरिट क्रिकेटचे पॅड बांधून उभा राहिला होता. पण क्रिकेटचा पॅड गोलसर असल्यामुळे त्यावर आपटलेला पक (या खेळातली रबराची चपटी चकती) कुठेही वळायचा, कधी तर स्वतःच्याच गोलात जायचा. 1924 च्या सुमारास कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये घोड्यांचे साज शिवणाऱ्या एमिल केनेस्की यांनी चामड्याचे रुंद, सपाट पॅड बनवले आणि खेळ बदलला. आज एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पॅडची रुंदी 11 इंचांपेक्षा जास्त चालत नाही.

ही रुंदी इतकी मोलाची का, ते ‘बटरफ्लाय’ या गोल राखण्याच्या पद्धतीत कळतं. गोलकीपर दोन्ही गुडघे बर्फावर टेकतो, पावलं बाहेर फेकतो आणि पॅड पायाभोवती फिरून आडवे होतात. त्यांचा दर्शनी भाग समोर येतो आणि बर्फालगत 11 इंच उंचीची भिंत उभी राहते. एनएचएलमधले गोलकीपर ग्लेन हॉल यांनी रुळवलेली ही पद्धत पुढे गोलकीपर पॅट्रिक रॉय यांच्यामुळे घराघरांत पोचली.

आता गुडघ्याकडे बघू. पॅडच्या आतल्या बाजूला फोमची एक जाड उशी असते. खाली बसताना गुडघा नेमका तिच्यावर उतरला पाहिजे. पॅड लांब असेल तर उशी वर राहते, गुडघा तिच्या खाली घसरतो आणि पॅड पुरता फिरत नाही. पाय वळलेला आणि पॅड अडकलेला, अशा वेळी सांध्याला पीळ बसतो. पॅड आखूड असेल तर गुडघा उशीच्या वरच्या कडेवर येतो, मांडी उघडी पडते आणि दोन पायांमधली फट मिटत नाही. पकचं वजन साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढं, 156 ते 170 ग्रॅम. त्यात तो गोठवलेल्या रबराचा. उघड्या मांडीवर तो बसला की काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मुलाच्या उंचीवरून पॅड ठरवू नका. स्केट्स घालून त्याला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात ठेवा आणि घोट्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत टेप लावा. हा आकडा कंपनीच्या तक्त्यात शोधा. पॅडवर ‘34+1’ असं लिहिलेलं असतं. त्यातला 34 हा पॅडच्या लांबीचा आकडा आणि +1 म्हणजे गुडघ्याच्या वर, मांडीकडे वाढवलेला इंच. मात्र दोन कंपन्यांच्या 34 मध्ये उशीची जागा वेगळी असू शकते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

खरी परीक्षा दुकानातच घ्यावी. पॅड बांधताना पोटरीचे पट्टे फार आवळू नका, पायाच्या बोटांकडची दोरी थोडी सैल सोडा, नाहीतर पॅड फिरणारच नाही. मग मुलाला बटरफ्लायमध्ये बसवा आणि मागून वाकून बघा: गुडघा उशीच्या मध्यावर टेकलाय का, पॅडची आतली कड जमिनीला सपाट लागलीय का. चार-पाच वेळा उठबस करायला लावा. दर वेळी गुडघा त्याच जागी यायला हवा.

वापरलेले पॅड घ्यायलाही हरकत नाही. मात्र गुडघ्याची उशी अंगठ्याने दाबून बघा. दबलेला फोम लगेच वर आला नाही, तर बर्फाचा धक्का थेट हाडाला बसेल. असे पॅड बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी परत ठेवा.