आधी फरशी बघा, मग टाच

लग्नातल्या ‘संगीत’च्या कार्यक्रमात नाचायला सँडल घ्यायची म्हटलं की पहिली चर्चा उंचीची होते. अडीच इंच बरी की चार? जळगावच्या फुले मार्केटात जा की धुळ्याच्या आग्रा रोडवर, प्रश्न तोच. माझं म्हणणं, उंची नंतर बघू. आधी नाचायचं कुठे आहे ते विचारा.

खान्देशातल्या लग्नात पायाखाली काय काय येतं ते बघा. लॉन्सवर हिरवळ, तिच्याखाली काळी माती आणि दुपारीच मारलेलं पाणी. मंगल कार्यालयात आरशासारखी फरशी. स्टेजवर फळ्या, फळ्यांमध्ये फटी, आणि त्या झाकायला सैल अंथरलेलं कार्पेट. वरातीत तर मे महिन्याच्या उन्हानं मऊ पडलेलं डांबर. एकच सँडल या सगळ्यांना पुरी पडत नाही, आणि याचं कारण साध्या भागाकारात आहे.

समजा बाईचं वजन ६० किलो आहे आणि पेन्सिल हिलचं टोक एक चौरस सेंटीमीटरचं. नाचताना क्षणभर सगळा भार एका टाचेवर आला, तर त्या एवढ्याशा जागेवर ६० किलो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास असतो, आणि टायर जमिनीला दाबतो तोही जवळपास तेवढ्यानंच. म्हणजे ती टाच मोटारीच्या चाकापेक्षा पंचवीसपटीहून जास्त जोरानं माती दाबते. तीच बाई चार बाय चार सेंटीमीटरच्या ब्लॉक हिलवर उभी राहिली की दाब पावणेचार किलोवर येतो. हा हिशेब नुसत्या उभं राहण्याचा झाला. उडी मारून खाली आलं की जोर वजनाच्या दुपटी-तिपटीवर सहज जातो. त्यामुळे ओल्या काळ्या मातीत पेन्सिल हील रुतणारच. टाच रुतते, अंग गाण्याबरोबर पुढे जातं आणि मधल्यामध्ये घोटा सापडतो.

घोटाच का, तेही बघण्यासारखं आहे. घोट्याच्या सांध्यातलं टॅलस नावाचं हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून जी खाच होते, तिच्यात ते बसतं. पाऊल सपाट असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो आणि सांधा बाजूंना फारसा डगमगत नाही. टाच वर उचलली की अरुंद भाग खाचेत येतो, बैठक सैल पडते आणि पाय सावरायचं काम हाडांकडून अस्थिबंधांकडे, म्हणजे लिगामेंटकडे जातं. त्यातला बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध अशा वेळी आधीच ताणलेला असतो. पाऊल करंगळीकडे कलंडलं की सगळ्यात आधी इजा होते ती बहुधा त्यालाच. उंच टाचेवर पाय मुरगळणारीला आपण ‘बघून नाच ना’ म्हणतो. दोष नजरेचा नसतो, सांध्याच्या ठेवणीचा असतो.

आता उंची. टाचेच्या मध्यापासून चवड्यापर्यंतचं अंतर १४ सेंटीमीटर धरलं, तर पाच सेंटीमीटर टाचेनं पावलाला सुमारे २१ अंशांचा उतार मिळतो. साडेसातला तो ३२ अंश होतो आणि दहाला ४५ च्याही वर जातो. पाऊल मोठं असेल, अंतर १७ सेंटीमीटर असेल, तर तीच साडेसातची टाच २६ अंशांवरच थांबते. म्हणून मैत्रिणीला तीन इंच जमतात म्हणजे तुम्हालाही जमतील असं नाही. तिचा पाय आठ नंबरचा आणि तुमचा चार नंबरचा असला तर तुम्ही दोघी एका चढावर उभ्याच नाही. पुढे चवड्याखाली दोन सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म, म्हणजे जाड तळ, असेल तर उतार तेवढा कमी होतो खरा. पण प्लॅटफॉर्म ताठ असतो, चवड्याखाली वाकत नाही, आणि पाऊल जमिनीपासून आणखी वर जातं. नाचण्यासाठी जाड प्लॅटफॉर्म मला पटत नाही.

ब्लॉक हील म्हणजे सगळा धोका टळला, असंही समजू नका. अमेरिकेतल्या केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवलं की उंच टाचांवर चालताना गुडघ्यावर येणारं पिळाचं बळ अनवाणी चालण्यापेक्षा वाढतं. २००१ मध्ये त्यांनी रुंद टाचेचे बूटही तपासले. तिथेही ते वाढलेलंच होतं. रुंद टाच तोल सांभाळते, गुडघ्याला सूट देत नाही.

आपल्याकडचे जुने नाच या भानगडीत पडलेच नाहीत. सातपुड्यात काठी गावची होळी असो की श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला रस्त्यावर धरलेला ठेका, अख्खा तळवा जमिनीला टेकतो. टाचांवर नाचायचं म्हटलं की तळव्याचं काम चवड्यावर येतं, आणि मग सोल कशाचा आहे याला महत्त्व येतं.

गिरकी घेताना पाऊल फिरलं पाहिजे. रबरी सोल कोरड्या फरशीला धरून बसतो. अंग फिरतं, पाऊल जागीच राहतं आणि पीळ गुडघ्यात उतरतो. बॉलरूम आणि लॅटिन नाचांच्या बुटांना म्हणूनच सुएडचा सोल असतो. सुएड म्हणजे चामड्याची आतली, लव असलेली बाजू. ती थोडी धरते, थोडी सोडते. लव दबून गुळगुळीत झाली की तारेच्या ब्रशनं पुन्हा उभी करायची. पण सुएड धुळीत आणि ओल्यात गेला की संपला. लॉन्सवर किंवा वरातीत तो घालायचाच नाही. कार्यालयाच्या फरशीसाठी मात्र साध्या सँडलला मोच्याकडून चवड्याखाली चामड्याचा पातळ तुकडा लावून घेता येतो. सरबत सांडलेल्या फरशीवर कुठलाच सोल भरवशाचा नाही.

दुकानात दोन गोष्टी हातानं करून बघा. सँडल काउंटरवर ठेवून टाचेला बोटानं हलकं ढकला. डुगडुगली तर परत ठेवा. मग दोन्ही टोकं धरून वाकवा. ती चवड्याच्या जागी वाकली पाहिजे, मधल्या कमानीत नाही. कमानीखाली सहसा पोलादाची पट्टी घातलेली असते; मधेच वाकणाऱ्या सँडलमध्ये ती नसते किंवा कच्ची असते. अशा सँडलमध्ये टाच मागे कलते आणि पाय तिच्या मागोमाग. घोट्याभोवती किंवा पावलावरून बक्कलचा पट्टा हवाच. उतारावर पाऊल सतत पुढे घसरत असतं, आणि पट्ट्यानं ते धरलं नाही तर बोटं पुढच्या टोकात चेपतात. मागे नुसता सैल पट्टा असलेली सँडल फोटोपुरती ठीक.

खरेदी संध्याकाळी करा, आणि उन्हाळ्यातल्या लग्नासाठी उन्हाळ्यातच. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाण्याचा अंश पायात उतरतो आणि पावलं फुगतात. जानेवारीत नेमकी बसलेली सँडल मेमध्ये काचते. त्यात घाम. ओलसर कातडी कोरडीपेक्षा जास्त चिकटून घासते, म्हणून फोड येतात. नवी सँडल त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. सराव तिच्यातच करा, नाहीतर पोटऱ्या दुसऱ्याच गाण्याला आखडतील. उन्हात बंद गाडीत ती ठेवूनही देऊ नका, सोलचा डिंक तापून सुटू शकतो. घोटा आधी मुरगळलेला असेल, मधुमेहानं पाय बधिर होत असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर सपाट मोजडीच बरी.

जुनीच सँडल घालायला काढणार असाल तर उलटी करून टाचेचं बूड बघा. तिथली रबरी चकती झिजली की आतला खिळा वर येतो, आणि गुळगुळीत फरशीवर लोखंडी खिळ्याला पकड अशी नसतेच. बऱ्याचदा एकाच पायाची चकती जास्त झिजलेली असते. तरी दोन्ही एकदमच बदलून घ्या, म्हणजे दोन टाचांची उंची सारखी राहील.