कर्णबधिर माणूस देशाचा पुढारी होईल का? प्रश्नामागचा इतिहास

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिलं, की शेजारच्याचं बोलणं कानावर येत नाही. तिथे बोटंच बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं हातानेच. माझा आतेभाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे आणि त्या शेडमध्ये तो कुणाच्याही मागे नाही.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी कन्ना चौकातल्या एका सभेला आम्ही गेलो. दहा मिनिटांचं भाषण मी त्याला दोन खुणांत उरकून सांगितलं. त्याची आजही मला लाज वाटते. त्याने स्टेजकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मी तिथे जाईन का?

हे सोलापूर आहे. इथल्या कोर्टात पट्टेवाला म्हणून काम केलेले सुशीलकुमार शिंदे देशाचे गृहमंत्री झाले. त्यामुळे त्याचा प्रश्न मला वेडगळ वाटला नाही. पण त्या प्रश्नाच्या वाटेत फार जुनी आडकाठी आहे.

‘अनंशौ क्लीबपतितौ जात्यन्धबधिरौ तथा’ असं मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. जन्मांध आणि जन्मबधिर यांना वडिलांच्या मालमत्तेत वाटा नाही. डोळे नाहीत म्हणून धृतराष्ट्राला आधी डावललं, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. मालमत्तेतली ही अडचण १९२८ च्या कायद्याने बरीचशी दूर केली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने संपवली. राज्यघटनेत तर कानाचा उल्लेखच नाही. लोकसभेला वय २५, राष्ट्रपतिपदाला ३५, नागरिकत्व आणि आणखी काही अटी. पण खालच्या पायरीवर ओडिशाच्या ग्रामपंचायत कायद्याने मूकबधिर असणं ही अपात्रता ठरवली होती. ज्या कायद्याने गावच्या पंचायतीचं दार लावलं, त्याने पुढारी घडण्याची पहिली शाळाच बंद केली, असं माझं मत आहे.

दुसरी आडकाठी शाळेतून आली. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांपेक्षा तोंडाने बोलणं श्रेष्ठ, असा ठराव झाला. त्यानंतर कितीतरी देशांत वर्गातून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांचं वय ओठ वाचण्यात आणि उच्चार घोटण्यात गेलं, विषय मागे पडले. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं.

नुसतं कमी ऐकू येण्याने सत्ता कधी अडली नाही. रेगन १९८३ मध्ये आणि क्लिंटन १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असतानाच श्रवणयंत्र वापरू लागले. ब्रिटनचे खासदार जॅक ॲशली यांची ऐकण्याची शक्ती निवडून आल्यावर शस्त्रक्रियेनंतर गेली. ते राजीनामा द्यायला निघाले होते, पण १९९२ पर्यंत खासदार राहिले. सभागृहातलं बोलणं त्यांना समोरच्या पडद्यावर अक्षरांत दिसायचं.

खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांना मात्र सभागृहात पोचायला वेळ लागला. कॅनडाच्या ऑन्टारिओ विधिमंडळात गॅरी मॅल्कॉव्स्की १९९० मध्ये आले. युगांडात ॲलेक्स नदीझी १९९६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत विल्मा न्यूहाउट-ड्रुशेन १९९९ मध्ये. बेल्जियमच्या हेल्गा स्टीव्हन्स २०१७ मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. त्या हरल्या, पण उभ्या राहिल्या.

न्यूझीलंडचा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मोजो मॅथर्स २०११ मध्ये खासदार झाल्या. सभागृहातलं बोलणं टाइप करून त्यांना दाखवणाऱ्या माणसाचा खर्च त्यांनी स्वतःच्या कार्यालयाच्या रकमेतून करावा, असं आधी त्यांना सांगण्यात आलं. ओरड झाल्यावर तो खर्च संसदेने उचलला.

आपल्याकडे साधन गुप्ता हे दृष्टिहीन खासदार १९५३ मध्येच लोकसभेत आले. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था मात्र २०१५ मध्ये निघाली. आणि २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. घटनेच्या १२० व्या कलमाप्रमाणे खासदाराला हिंदी-इंग्रजी नीट येत नसेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. माझ्या भावाची मातृभाषा हातांची आहे, पण घटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिचं नाव नाही. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोज कानावर पडतात. तिथे पाचवी भाषा जड का वाटावी?

सारा सनींची बातमी मी त्याला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग अंगठा बोटावर घासून विचारलं, दुभाष्याचे पैसे कोण देतं? सभेच्या खर्चात मंडप धरतात, माईक धरतात, खुर्च्या आणि चहा धरतात. दुभाष्याचे पैसे धरलेले मी अजून कुठे पाहिलेले नाहीत.