खानदेशातले डेव्हिडसन साहेब आणि चोरीचा पिंगळा

रानपिंगळा या छोट्या घुबडाची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं: '११३ वर्षं नामशेष झालेला पक्षी पुन्हा प्रकटला.' प्रकटला वगैरे काही नाही. तो सातपुड्याच्या सागाच्या जंगलात होताच; शोधणारेच भलत्या गावी जात होते.

हे समजायचं तर जेम्स डेव्हिडसन यांच्यापासून सुरुवात करावी लागते. हे मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी. आधी खानदेशात, पुढे उत्तर कानडा जिल्ह्यात कलेक्टर. शाळेच्या इतिहासात काँग्रेसमुळे भेटणारे ॲलन ह्यूम तेव्हा 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांचं नियतकालिक चालवत होते. रानपिंगळ्याला शास्त्रीय नाव ह्यूम यांनीच १८७३ मध्ये दिलं, तेही छत्तीसगडकडच्या एकुलत्या एका नमुन्यावरून, म्हणजे जतन केलेल्या मृत पक्ष्यावरून. डेव्हिडसन यांनी या नियतकालिकात पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली आणि शहादा-तळोदा भागातून रानपिंगळ्याचे आणखी नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही.

मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात एक रानपिंगळा निघाला. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही जिवंत होता! अभ्यासकांच्या शोधाला त्यामुळे चुकीची दिशा लागली. हाती काही लागलं नाही.

आता खरी मजा. संग्रहालयातला पक्षी म्हणजे एक शिवणकाम असतं. पोटावर छेद द्यायचा, मांस नि धड काढून टाकायचं, पण कवटी, पंखांची आणि पायांची हाडं कातडीतच ठेवायची. आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा म्हणजे कीड लागत नाही. कापूस भरायचा, टाके घालायचे, पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधायची. यात प्रत्येकाचा हात वेगळा पडतो: कोण पंखाच्या सांध्यापाशी किती साफ करतो, कापूस कसा पिळतो, टाका कुठे घालतो. शिंप्याची शिवण ओळखावी तसा हा हात ओळखता येतो.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी मांडवीचा पिंगळा असाच पारखला, त्याचा एक्स-रे काढला. पक्षी एकदा उसवून नव्याने भरलेला होता, पण आत जुन्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. तो हात डेव्हिडसन यांचा! कर्नलने ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसन यांचा नमुना लांबवून, चिठ्ठी बदलून तो आपला म्हणून मिरवला होता. त्याच्या नावावरच्या इतर नोंदीही मग तपासाव्या लागल्या, आणि बऱ्याच खोट्या निघाल्या. नमुना चोरला तर एक पक्षी जातो. चिठ्ठी बदलली तर पुढच्या माणसांची वर्षं वाया जातात. मला दुसरा गुन्हा मोठा वाटतो.

मांडवी बाद झाल्यावर उरले ते खरे पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी छत्तीसगडकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तिथे काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, भर दिवसा, रानपिंगळा समोर बसलेला! डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. शिवाय रानपिंगळ्याचे पाय दणकट, नख्या मोठ्या.

'घुबड ओरडलं की कोणीतरी जातं' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत आहे. हे घुबड सकाळी उन्हात बसून सरडे पकडतं. त्याला अपशकुन करायला वेळ कधी मिळतो, हे त्यांनीच सांगावं. दिवाळीत जादूटोण्यासाठी घुबडांचे बळी घेणारे मात्र खरोखर जीव घेतात.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथे रानपिंगळे सापडले. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यातही. डेव्हिडसन यांच्या यादीत तानसा येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची फिरती खानदेशात होती.